अण्णांचा हात

आरवाडे अण्णांचा हात कधी चुकत नाही, असं मिरजेत सगळेच म्हणत. पेशंटला हात आडवा धरायला लावून ते वरून दाबत आणि स्नायूत किती जोर उरलाय, ते शून्य ते पाचात सांगत. म्हणून तर दोन वर्षं ते तपासणी-यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा, दाब नोंदवणारा हातमोजा घालून तपासत होते. त्यांचा हात शिकून पुढे यंत्रंच तपासणार होती.

आज कंपनीची तेजल आली, ती अवघडूनच बसली.

"सर, यंत्र सगळं शिकलं. फक्त एका पेशंटच्या नोंदी ते घेतच नाही. बाकी सगळ्यांना तुम्ही सारखंच दाबता. इथे मात्र दर महिन्याला थोडं हलकं, आणि आकडा कायम चार."

नाव विचारायची गरजच नव्हती. अण्णांची लेक शलाका दर महिन्यासारखी तपासून घ्यायला समोरच्या टेबलावर बसली होती.

"मुद्दाम नाही गं केलं," अण्णा लेकीला म्हणाले.

शलाकाचे स्नायू आजाराने हळूहळू दुबळे होत होते; चाराचे तीन होताच सुरू केलं, तरच तिचं औषध लागू पडणार होतं. नोंदी बघता ती वेळ दीड वर्षापूर्वीच येऊन गेली होती.

"आणि मला वाटायचं, मी तग धरून आहे," शलाका म्हणाली. मग तिने हात आडवा धरला. "अण्णा, इतरांना दाबता तसं दाबा."

अण्णांनी हातमोजा चढवला आणि दाबलं. हात तत्क्षणी खाली गेला.

"तीन," अण्णा कसेबसे म्हणाले.

हातमोज्यावरचा हिरवा दिवा लागला. शलाकाची नोंद यंत्राने पहिल्यांदाच घेतली होती.