ओलीचा डाग

प्रयोगाआधी भोवतालची परिस्थिती नोंदवा, असं वर्गात रोज बजावणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी पतपेढीतून घर खरेदीचं आणि दुरुस्तीचं कर्ज काढलं. जुनं घर घेण्याआधी त्यांनी भिंग लावून भिंती तपासल्या. ओलीचा एकही डाग सापडला नाही. मग वरचं मातीचं माळवद होतं तसंच ठेवून दुरुस्तीचे सगळे पैसे त्यांनी शहाबादी फरशीत घातले.

“बघा आबाराव,” विकतच्या पाण्यात सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याला त्या म्हणाल्या, “माळवद बदला म्हणून उगाच घाबरवत होता. इतकं जुनं, पण कुठं गळल्याची खूण नाही.”

आबारावांनी थापी खाली ठेवली.

“न्हाय गळलं, बाई. पण तीन वर्सं पाऊस तरी कुठं पडलाय?”