टाक्या बोलू लागल्या

चार गावांच्या पाण्याच्या टाक्या तालुक्याच्या ऑफिसातल्या एकाच कन्सोलला जोडल्या होत्या. इथून विचारलं की टाकीवरच्या यंत्रानं पाणी किती ते सांगायचं, इथून हुकूम सोडला की व्हॉल्व्ह उघडायचा. चाचणीत चौघींनी एकच उत्तर दिलं: शून्य.

"वायरिंग चुकलंय तुझं! उद्या उद्घाटन आहे," साहेब खेकसले.

प्रेमराजनं पारोळ्याहून नवी वायर आणून टाकली, एकेका यंत्राचा नंबर तपासला. उत्तर काही बदलेना. चूक आपलीच निघावी, असं त्याला मनोमन वाटत होतं. त्या चारांतली एक टाकी त्याच्याच गावची होती.

शेवटी त्यानं फोन स्पीकरवर टाकून आईला, नानीबाईला, टाकीच्या पाइपावर दगड मारायला सांगितलं. गावात पाण्याचा अंदाज असाच घेतात: भरलेला पाइप धप्प वाजतो, रिकामा खणखणतो. पाइप देवळातल्या घंटेसारखा खणखणला.

"टाकी बठ्ठी खाली शे रे भाऊ," नानीबाई म्हणाली.

साहेबांचा चेहरा एकदम खुलला.

 

"म्हणजे यंत्रणेत काहीच दोष नाही! प्रेमराज, नारळ आण."