बावीस तारखेपासून

साताऱ्यातले हरीकाका पस्तीस वर्षं लोकांचे कर भरून देत होते. सरकार विम्यावरचा जीएसटी काढून टाकणार, ही बातमी आली त्याच दुपारी खंडाळ्याचा ऋषिराज आयुर्विम्याचा अर्ज सहीसकट भरून त्यांना दाखवायला आला. खंडाळ्यात त्याचं ग्रिल आणि गेट बनवायचं छोटं वर्कशॉप होतं.

"काका, आजच भरून टाकतो पैसं. पोरगी लहान हाय," तो म्हणाला.

"अरे, आज भरलेस तर वर अठरा टक्के टॅक्स. बावीस तारखेपासून एक रुपया नाही. अडीच आठवड्यांचा तर प्रश्न आहे, थांब की!"

ऋषिराजला ते पटलं. अर्ज खिशात घालून तो हसत परत गेला.

एकोणीस तारखेला हायवेवर एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं.

महिन्याभराने त्याची बायको शिवांजली वर्कशॉपचा जीएसटी नंबर बंद करायला आली. रद्द करण्याचं कारण म्हणून 'मालकाचा मृत्यू' निवडताना काकांनी माउस सोडून दिला. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पोरी, तो विमा... मीच त्याला थांब म्हणालो होतो गं."



 

"ठावं हाय मला, काका. त्या दिशी येताना कंदी पेढं आनलं हुतं त्यांनी. पोरीला भरवत म्हनाले, हरीकाकांनी आपलं साडेतीन हजार वाचिवलं."