पूजेपुरती किल्ली

खंडेनवमीच्या पूजेपुरती भगवंतरावांनी झाडलोट करणाऱ्या पुष्पाबाईला कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली दिली, तिथंच चुकलं. सूतगिरणीचा कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर भंगारात जाऊ नये म्हणून त्यांनी साहेबांशी वैर पत्करलं होतं, एकट्यानं बसून त्याची एकेक तार समजून घेतली होती. आणि आज त्याची मेमरी, केसासारख्या तांब्याच्या तारांत ओवलेल्या बारीक चुंबकी मण्यांची जाळी, परातीत चिंच लावून घासलेली! मणी फुटलेले, तारांचा गुंता. “काऊन घासली व?” भगवंतराव पुष्पाबाईवर कडाडले. “लाईन गेली तरी एक अक्षर विसरत नव्हती!” तीही भडकली. “काळं तांबं पुजतेत का कोणी? म्या देवाच्या भांड्यासारखं जीव लावून घासलं! इतके वर्स झाले, दाराबाहेर झाडून राह्यली. आत काय हाय, एकदा तरी सांगतलं कोणाले?” भगवंतरावांनी परत घेऊन मुठीत आवळलेली किल्ली तळव्यात रुतत राहिली.