पलंगावरचा खडू

दाराची कडी वाजली तेव्हा विमलच्या हातात ओलं फडकं होतं आणि सामानावरचा खडू अजून पुसायचा राहिला होता. तपासणी उद्या, असं सगळी गल्ली सांगत होती. माणूस आजच आला.

"मकान की जाँच," तो म्हणाला. काळी टोपी, बगलेत जाड वही, कानावर पेन्सिल. कोणी न सांगता त्यानं वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या.

ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन होऊन वर्ष होत आलं होतं. नव्या राज्याचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला जाई, थंडीत परत येई. विमलचा नवरा मधुसूदन महसूल कचेरीत कारकून. दप्तराच्या पेट्यांबरोबर तोही इंदूरला गेला होता. ग्वाल्हेरच्या दाना ओली गल्लीतल्या घरात उरल्या दोघीच : विमल, आणि तिच्या सोबतीला साताऱ्याहून आलेल्या तिच्या विधवा नणंद, इंदुताई.

बाहेरगावच्या अंमलदारांना जागा हव्या होत्या. माणसं कमी नि खोल्या जास्त दिसल्या की त्या घरातली एक खोली सरकारच्या ताब्यात जाई. पलीकडच्या शालिनीताईंची बैठक अशीच गेली. आता त्यांच्या तुळशीपुढं एक ओव्हरसियर उघड्या अंगानं दाढी करत बसे. विमलच्या घरात तर माडीचा जिनाच स्वयंपाकघरातून होता. वर कोणी परका आला, तर दिवसातून दहा वेळा दोघी बायकांच्या चुलीपुढून जाणार. रात्रीसुद्धा.

म्हणून तीन दिवस खपून दोघींनी घर नव्यानं मांडलं होतं. माडीत आजवर लोणच्याच्या बरण्या, गोधड्यांची ट्रंक आणि एक मोडकी खुर्ची होती. आता तिथं पलंग होता, आरसा होता, खुंटीवर मधुसूदनचे दोन कोट होते. खिडकीला जुन्या इरकली लुगड्याचा पडदा. बैठकीतले गादी-तक्के काढून तिथं शिवणयंत्र मांडलं, त्याच्या सुईखाली अर्धी शिवलेली चोळी. कोठीच्या खोलीत इंदुताईंची बाज आणि जपमाळ. प्रत्येक खोलीतून कोणीतरी आत्ता उठून गेलंय असं वाटलं पाहिजे, हा विमलचा हिशेब होता. हमालांचा घोळ होऊ नये म्हणून इंदुताईंनी वस्तूवस्तूवर खडूनं लिहून ठेवलं : वर न्यायचं त्यावर 'वर', खाली आणायचं त्यावर 'खाली'. हमालांना वाचता येत नाही, हे त्यांना मागाहून कळलं.

तपासनीस बैठकीतून कोठीत आला. माडीवरून खाली आणलेल्या ट्रंकेपाशी थांबला.

"यह खाली है?"

"नहीं जी, भरी है," विमल म्हणाली.

"लिखा तो खाली है।" त्यानं झाकण उचललं. आत गोधड्या ठासून भरल्या होत्या.

"खाली म्हणजे खाली रे मेल्या, रिकामी नव्हे!" इंदुताई पदराआडून पुटपुटल्या.

"वन्सं, गप्प बसा."

"त्याला काय कळतंय! हा काही आपल्यासारखा दक्षिणी, मराठी बोलणारा नव्हे. भिंडकडचा दिसतोय. माणसं विचारली तर सहा सांग गं. सहा ताटं घासून ठेवलीत मी."

पेन्सिल वहीवर क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"घर में कितने लोग?"

"छह," विमल म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

तो स्वयंपाकघरात आला. जिन्याकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, आणि वर चढला. मागोमाग विमल. पायऱ्या तेरा होत्या. आज त्या संपेनात.

माडीत त्यानं एका कोटाची बाही उचलून पाहिली. पडदा सारून बाहेर डोकावला. मग वळला. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर, इंदुताईंच्या टपोऱ्या अक्षरात, ते होतं.

"वर," त्यानं मोठ्यानं वाचलं.

त्याचा अर्थ सांगावा, तर पुढचा प्रश्न ठरलेला : वर म्हणजे कुठून वर? कधी? का? एक शब्द सोडवला की सबंध घर उसवणार. आणि न सांगावा, तर सांगायचं काय? हातातलं फडकं तिनं इतकं पिळलं की त्याचं पाणी पावलावर ठिबकलं.

तपासनिसानं मान वर केली नाही. "शादी है घर में?"

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. वर. नवरदेव.

"जी."

"किसकी? देवर की?"

"जी. देवर की।" विमलला दीर नव्हता.

"तो दूल्हा-दुल्हन यहीं रहेंगे।" त्यानं लिहिलं, तारीख घातली, वही मिटली. "यह कमरा भरा हुआ।"

विमल त्याच्या मागोमाग खाली आली. चुलीपाशी इंदुताई हात जोडून उभ्या होत्या.

"सुटलो का गं? कळलं नाही ना मेल्याला काही?"

विमलनं नुसतं डोळ्यांनी दटावलं. तो माणूस दारात बसून वहाणांचे पट्टे बांधत होता. उठला. गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मग वही बगलेत मारून, मागं न वळताच, हलक्या आवाजात म्हणाला,

"वहिनी, सोमवारी मोठे साहेब फेरतपासणीला येतील. तेही दक्षिणीच आहेत. त्याआधी तेवढं 'वर' पुसून टाका."