रेषेचं नाक

"आता 'मी उद्या बटाटे काढणार' हे तुमच्या बोलीत म्हणा," वीट्स्के हूक्स्ट्रा म्हणाली.

ड्रीकेस लेनेनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घसा खाकरला आणि टेपरेकॉर्डरकडे तोंड करून वाक्य म्हटलं. खणखणीत. 'मी'ला तो 'इश' म्हणाला.

वीट्स्केने कागदावर खूण केली. सकाळपासूनचा हा नववा 'इश'.

ती बोलींची अभ्यासक. सरहद्दीपलीकडून, हॉलंडातल्या नायमेखनहून, आल्डेनब्रूख या जर्मन गावात आली होती. दोन्ही देशांच्या बोलींचा एकच मोठा नकाशा छापायचा होता. त्यावर एक रेषा होती. रेषेच्या उत्तरेची माणसं 'मी'ला 'इक' म्हणत, दक्षिणेची 'इश'. ऱ्हाइन ओलांडून, शेताबांधांवरून, चौकीवरच्या शिपायाला न विचारता ती रेषा थेट हॉलंडात शिरायची. फक्त आल्डेनब्रूखपाशी ती एकाएकी उत्तरेला वर चढायची आणि गावाला पोटाशी घेऊन पुन्हा खाली उतरायची. चेहऱ्यावर नाक असावं तशी.

हे नाक एका माणसाच्या कागदामुळे आलं होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी गावोगावच्या शाळांना तिथल्या बोलीविषयीच्या प्रश्नांचे कागद गेले होते. आल्डेनब्रूखचा कागद ओटेन्स मास्तरांनी भरला होता. आता संपादक म्हणत होते, मास्तरांनी ठोकून दिलंय. नाक पुसा आणि तळटीपेत त्यांच्या नावापुढे 'अविश्वसनीय' असं छापा. मास्तर अजून हयात होते. अंथरुणाला खिळलेले. खात्री करून घ्यायला संपादकांनी वीट्स्केला दोन दिवस दिले होते.

खरं तर तिला ते नाक आवडायचं. सरळ रेषेत कुतूहल वाटण्यासारखं काय असतं?

मास्तरांची लेक आडेलहाइड तिला घरोघर नेत होती. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई. लोक वाट बघतच बसलेले. मंगळवार होता, तरी ड्रीकेसच्या अंगात रविवारचा कोट होता.

बेकरीत बिला क्युपर्सने प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं.

"अगं बिला, बाईंना विचारू तरी दे!" मागोमाग आलेला ड्रीकेस म्हणाला.

"तू गप बस रे. सात वर्षं शाळेत काढलीस, एक प्रार्थना धड पाठ झाली नाही तुला. आणि आज बघा, नुसता पोपट!"

ड्रीकेस हसला. आडेलहाइड हसली नाही. बिलाने तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य सावकाश, नीट म्हटलं.

"शेजारच्या गावात सगळे 'इक' म्हणतात," वीट्स्के म्हणाली. "तुम्हाला कधी हसत नाहीत?"

बिलाने पीठ पुसलेला हात पुन्हा पुसला.

"हसतात ना," ड्रीकेसच बोलला. "आम्ही म्हणे गरम सूप फुंकत बोलतो. हसू देत. बदकं मेली! दिवसभर इक, इक, इक."

संध्याकाळपर्यंत सतरा माणसं झाली. सतराही 'इश'. वीट्स्केला एका गोष्टीचं नवल वाटलं. कुठल्याही गावात दोन सख्खे भाऊसुद्धा अगदी सारखं बोलत नाहीत. इथे केसाएवढा फरक नव्हता. तिने कडेला प्रश्नचिन्ह काढलं. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. गावाच्या तीन बाजूंना दलदल. एकीकडे पडलेलं गाव, जुनं ते टिकलं असेल. तिने प्रश्नचिन्ह खोडलं.

"बाबांना तुम्हीच सांगाल?" दारात आडेलहाइडने विचारलं. "मी कॉफी टाकते."

मास्तर उशांना टेकून बसले होते. समोरच्या भिंतीवर नकाशाची जुनी प्रत चौकटीत लावलेली. वीट्स्केने टेप लावली. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. चादरीवर त्यांचं एक बोट ठेका धरत होतं.

"बिला घाई करते," ते म्हणाले. "पहिलीपासून तशीच आहे."

"मास्तर, सतराच्या सतरा! नाक राहणार. तुमचं नावही."

मास्तरांनी डोळे उघडले. दार लोटलेलं आहे ना, ते पाहिलं आणि तिला जवळ बोलावलं.

"नाक पुसून टाका, बाई. तळटीपही छापा. चुकीला चूक म्हणायचं, हेच शिकवलं मी जन्मभर."

"पण ही टेप..."

"कागद शनिवारी आला, सोमवारी धाडायचा होता. मी इथे नवा. पोरांना विचारायला हवं होतं. मी माझ्या आईची बोली लिहून मोकळा झालो. ड्युसेलडोर्फकडची, रेषेच्या दक्षिणेची. चूक कळली तोवर नकाशा छापून आला होता, आणि गावाने वर्गणी काढून त्याला चौकट करून दिली होती. माझ्याखेरीज या गावात 'इश' म्हणणारा माणूस कधी नव्हताच."

स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या. मास्तरांनी आवाज आणखी उतरवला.

"फक्त माझ्या लेकीला यातलं काही बोलू नका. पंधरा दिवस रोज दुपारी खिडकीखालच्या अंगणात साऱ्या गावाकडून ती 'इश' घोटून घेतेय. तिला वाटतं, मी झोपलेला असतो."