हौसाक्काची अंगाई

"आक्का, हे ऐक," म्हणत इंद्रजितने शेजारच्या हौसाक्काच्या कानांवर हेडफोन चढवले. इचलकरंजीत दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. लहानपणापासून पलीकडून ऐकू येणारी तिची अंगाई त्याच्या मनात घर करून राहिली होती. त्याच चालीवर त्याने नवे शब्द बांधले, त्याचा दोस्त तौफिकने गाण्याला यंत्रमागाच्या खडखडाटाचा ताल दिला आणि दोघांनी नेटवर टाकलेलं ते गाणं महिन्याभरात गावोगाव पोचलं. आक्का हरखून जाईल, अशी त्याची खात्री होती.

आक्काने पदर तोंडाला लावला.

"ही माझ्या सुंदराची चाल हाय रं," ती म्हणाली. "चार वर्साची पोर गेली, त्याला तीस वर्सं झाली. तवापास्नं रोज दिवेलागणीला तिच्यासाठनंच म्हणते. तिचं दुसरं काय उरलंय माझ्यापाशी?"

इंद्रजितला मान वर करवेना. ती कुणासाठी गाते, हे त्याने इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. त्याने तिथूनच तौफिकला फोन लावला.

"गाणं काढून टाक."

"येडा झालास काय? आपलं पहिलंच गाणं चाललंय!"

"काढ म्हणतो ना!"

तौफिकने कुरकुरत काढलं. पण लोकांच्या मोबाईलमधून ते कोण काढणार?

दिवेलागण झाली. आक्काने देवापुढे दिवा लावला, हात जोडले, पण आज अंगाई म्हटली नाही. बाहेरून एक रिक्षा तेच गाणं वाजवत गेली.